काचेचा बूट, सोन्याची चप्पल आणि राजाचं पागोटं

मला सगळ्यात जास्त आवडणारी सिंड्रेला माशाच्या काट्यांची आहे. भोपळ्याची गाडी, उंदरांचे घोडे, जादूची छडी, यातलं काही तिच्यात नाही. चीनमधली गोष्ट आहे, नवव्या शतकात दुआन चेंगशी नावाच्या माणसाने लिहून ठेवलेली. ये शिएन नावाची मुलगी, तिला सावत्र आईचा जाच, आणि तिने पाळलेला एक मासा, लाल परांचा आणि सोनेरी डोळ्यांचा. ही तळ्याकाठी आली की तो डोकं वर काढून काठावर टेकवतो, दुसरं कोणी आलं तर येत नाही. मग सावत्र आई काय करते, तर हिचे कपडे घालून तळ्यावर जाते, तो बिचारा फसून वर येतो, ती त्याला मारते, शिजवून खाते आणि काटे उकिरड्यात पुरून टाकते. पुढे आकाशातून एक माणूस उतरतो आणि ये शिएनला सांगतो की रडू नकोस, ते काटे शोध, घरात जपून ठेव आणि हवं ते माग. मग जत्रा, सोन्याचे बूट, हरवलेला एक बूट, राजा, ते सगळं येतंच. पण माझ्या पोटात तुटतं ते त्या माशाने डोकं काठावर टेकवलं तिथे. दर वेळी.

मी चाळिशी ओलांडलीये, हिंजवडीला नोकरी करते, जाता-येता बसमध्ये बसायला जागा मिळाली की परीकथा वाचते. जुन्याही वाचते आणि त्याच गोष्टी आज कोणीतरी नव्याने सांगितलेल्या असतात त्याही, म्हणजे ज्यांना सगळे रिटेलिंग म्हणतात त्या. लोकांना वाटतं लहानपणीचं वेड राहून गेलंय. मला तसं अजिबात वाटत नाही. लहानपणी या गोष्टी मी नुसत्या ऐकल्या, त्यांच्यात काय काय भरलेलं आहे ते कळायला लागलं पंचविशीनंतर, आणि अजून कळतंच आहे.

आम्हाला दोन आज्या होत्या आणि दोघींच्या भोपळ्यातल्या म्हाताऱ्या वेगळ्या होत्या. सदाशिव पेठेतल्या आजीची म्हातारी तुमच्या सगळ्यांच्या ओळखीची. लेकीकडे जाईन, तूपरोटी खाईन, जाडजूड होऊन येईन मग मला खा असं वाघाला सांगून गेली, येताना भोपळ्यात बसली, चल रे भोपळ्या टुणूक टुणूक करत घरी पोचली, झालं, झोपा आता. नगरच्या आजीकडे मात्र वाघ भोपळा फोडायचाच. आम्ही सगळी पोरं तिच्या पुढ्यात, ती सुपात बाजरी निवडत बसलेली, आणि तिच्या म्हातारीला निघताना लेकीने पदराच्या टोकाला लाल तिखटाची पुरचुंडी बांधून दिलेली असायची. वाघाने भोपळा फोडला, जबडा उघडला, की आजी निवडण्याचं थांबायची, सुपातली मूठभर बाजरी घ्यायची आणि "हे घे!" म्हणून आमच्या अंगावर फेकायची. आम्ही किंचाळायचो. ते येणार हे माहीत असायचं तरी किंचाळायचो. नंतर ते दाणे आम्हालाच वेचायला लावायची. मी एकदा तिला म्हटलं होतं की पुण्याच्या आजीच्या गोष्टीत तिखट नाहीये, तर ती म्हणाली, "तिची तिच्यापाशी. माझी लेक रिकाम्या हाताने कशी पाठवेल आईला?"

हे वाक्य माझ्या फार नंतर लक्षात आलं, की तिने त्या गोष्टीत एक लेक घातली होती. बाकी सगळीकडे लेक म्हणजे फक्त जिथे तूपरोटी मिळते ती जागा.

श्रावणात कहाण्या असायच्या. शुक्रवारी देवघरात जिवतीचा कागद, दूध-फुटाण्यांचा नैवेद्य, हातात चार अक्षता धरून बसायचं आणि आजी कहाण्यांचं पुस्तक हातात धरून, पण त्यात न बघता, एका लयीत म्हणायची. आटपाट नगर होतं, तिथे एक राजा होता. ही सुरुवात झाली की मला अंगावर काटा यायचा, अजून येतो. उतू नको, मातू नको, घेतला वसा टाकू नको. साठा उत्तरांची कहाणी पाचा उत्तरी सुफळ संपूर्ण. लहानपणी मी याला देवाचं काहीतरी समजायचे, गोष्ट समजायचे नाही, कारण गोष्टी म्हणजे चांदोबातल्या, वाचनालयातून आणलेल्या, विक्रमाच्या खांद्यावर लटकलेल्या वेताळाच्या. नाहीतर मग रशियन पुस्तकांतल्या. त्या काळी मराठीत भाषांतर केलेली रशियन मुलांची पुस्तकं अगदी स्वस्तात मिळायची, गुळगुळीत कागद, पानभर रंगीत चित्रं, आणि त्यातली ती कोंबडीच्या पायांवर उभी राहून गरगर फिरणारी बाबा यागाची झोपडी. आमच्या वाड्यात संडास मागच्या अंगणात होता आणि रात्री तिकडे जाताना मला चेटकिणीची नाही, त्या झोपडीची भीती वाटायची, की ती अंधारात चालत आली तर.

कॉलेजात असताना एफसी रोडवरच्या ब्रिटिश लायब्ररीची मेंबर झाले आणि तिथे हे सगळं वेगळ्याच पद्धतीने समोर आलं. जर्मनीतल्या ग्रिम बंधूंच्या गोष्टींचं जाडजूड पुस्तक, मागे टिपा. त्या टिपा वाचताना मी तिथेच खुर्चीत बसून राहिले. आपल्याला वाटतं की दोन भाऊ खेड्यापाड्यातून हिंडले, म्हाताऱ्याकोताऱ्यांकडून गोष्टी ऐकल्या, जशाच्या तशा उतरवल्या. तर तसं नाहीये. पहिला खंड आला 1812 साली, आणि त्यानंतर 1857 पर्यंत म्हणजे सातव्या आवृत्तीपर्यंत धाकटा भाऊ विल्हेल्म या गोष्टी सतत घासत-पुसत होता. 1812 ची रापुन्झेल, म्हणजे मनोऱ्यात कोंडलेली, लांब केस खाली सोडून माणसं वर घेणारी ती मुलगी, तिला कोंडणाऱ्या चेटकिणीला निरागसपणे विचारते की माझे कपडे मला घट्ट का व्हायला लागलेत, म्हणजे तिला दिवस गेलेत हे तिलाच कळलेलं नाही, आणि तिथे सगळं उघडकीला येतं. लोकांनी नाकं मुरडली, हे काय मुलांना वाचायला द्यायचं, मग ते वाक्य गेलं, आणि त्याऐवजी रापुन्झेल चेटकिणीला म्हणते की तू राजपुत्रापेक्षा जड कशी गं. म्हणजे पोरगी भोळी होती ती बावळट करून ठेवली. मला याचा अजून राग आहे.

पण खरा धक्का वेगळा. स्नो व्हाइटला मारायला निघालेली राणी 1812 च्या पुस्तकात तिची सख्खी आई आहे. हॅन्सेल आणि ग्रेटेलला रानात सोडून या म्हणणारी पण सख्खी आईच. सावत्र त्या नंतर झाल्या, पुढच्या आवृत्त्यांत. आई असं करूच शकत नाही असं वाटलं असेल, आईपणाला डाग नको असेल, काय असेल ते, पण त्या एका बदलाने जगभरच्या सावत्र आयांच्या कपाळी जे लिहिलं गेलं ते आजपर्यंत पुसलं गेलेलं नाही. आणि मला हेही वाटतं की सख्खी आई असताना ती गोष्ट जास्त खरी होती. दुष्काळ पडलेला आहे, घरात भाकरीचा तुकडा नाही, चार तोंडं आहेत. त्या घरात काय काय बोललं गेलं असेल ते सावत्र या एका शब्दाने झाकून टाकता येतं, मग कोणालाच त्याकडे बघावं लागत नाही.

बेडूक राजाचं पण तेच. चुंबन नाहीच आहे ग्रिममध्ये. राजकन्या त्याला उचलून सगळी ताकद लावून भिंतीवर आपटते आणि मग त्याचा राजपुत्र होतो. आणि फ्रेंच लेखक पेरोची लाल टोपडीवाली मुलगी, 1697 ची, तिला कोणी लाकूडतोड्या वाचवायला येत नाही, लांडगा खातो आणि गोष्ट संपते, खाली चार ओळींचं तात्पर्य की गोड बोलणाऱ्या लांडग्यांपासून जपा. काचेचा बूट पेरोचाच. ग्रिमकडे तो सोन्याचा, आणि बहिणी तो पायात बसावा म्हणून एक अंगठा कापते, एक टाच कापते.

त्यामुळे नवा सिनेमा आला की आमच्या ग्रुपवर मेसेज सुरू होतात ना की मूळ गोष्ट बिघडवली, ओरिजिनलची वाट लावली, तेव्हा मला मनापासून विचारावंसं वाटतं की कुठली मूळ? पेरोची? त्याच्या साठ-एक वर्षं आधी नेपल्समधल्या बासिलेने लिहून ठेवलेली? का दुआन चेंगशीची, जिच्यात मासा आहे? तुम्ही लहानपणी जी पहिली ऐकली ती तुम्हाला मूळ वाटते एवढंच. ते प्रेम खरं आहे, मी त्याला नावं ठेवत नाही, मला पण तिखटाच्या पुरचुंडीशिवायची म्हातारी अपुरी वाटते. पण ते प्रेम आहे, पुरावा नाही.

आणि आपण तर हे सगळ्या जगाआधी समजून घ्यायला हवं होतं, कारण आपल्याकडे हे पैठणला घडलेलं आहे. सातवाहनांच्या दरबारी गुणाढ्याने पैशाची भाषेत बृहत्कथा लिहिली, सात लाख श्लोकांची. राजाने ती झिडकारली, तेव्हा त्याने रानात अग्नी पेटवला, एकेक पान पशुपक्ष्यांना वाचून दाखवायचं आणि आगीत टाकायचं. जनावरं चरायचं सोडून डोळ्यांत पाणी आणून ऐकत उभी. राजाला कळून तो धावत येईपर्यंत सहा लाख जळून गेले होते, एक लाख वाचले. ही दंतकथा झाली, पण तो वाचलेला भागसुद्धा आज कुठे नाही. बृहत्कथा हरवली. जे आहे ते अकराव्या शतकात काश्मीरमध्ये सोमदेवाने संस्कृतात सांगितलेलं कथासरित्सागर, क्षेमेंद्राने सांगितलेली बृहत्कथामंजरी, म्हणजे सगळी रिटेलिंग्जच. विक्रम-वेताळ आपल्यापर्यंत आला तो याच वाटेने. मूळ जळून गेलं आणि गोष्टी जगल्या, का, तर कोणीतरी परत सांगितल्या म्हणून.

आता मला जिच्याबद्दल सगळ्यात जास्त लिहायचं होतं ती बाई. ॲना लिबेराता डिसूझा.

पुणे विद्यापीठात गेला असाल तर ती उंच मनोऱ्याची मुख्य इमारत पाहिली असेल. तो गणेशखिंडीतला गव्हर्नरचा बंगला, बार्टल फ्रिअर मुंबईचा गव्हर्नर असताना 1864 साली त्याचं काम सुरू झालं. या फ्रिअरची मोठी मुलगी मेरी, विशीतली. 1865-66 च्या हिवाळ्यात गव्हर्नर दक्षिण महाराष्ट्राच्या दौऱ्यावर निघाला, लवाजमा, तंबू, घोडे, आणि त्या सगळ्या छावणीत बाई म्हणून ही मेरी आणि तिच्या दिमतीला असलेली आया ॲना. दिवसचे दिवस बोलायला कोणी नाही, वाचून झालं, लिहून झालं, चित्रं काढून झाली, तेव्हा मेरी ॲनाला म्हणाली, एखादी गोष्ट सांग ना. ॲना म्हणाली मला नाही येत. मेरी म्हणाली, तुला मुलंबाळं आहेत, नातवंडं आहेत, त्यांना सांगतच असशील की. मग ॲना आठवून आठवून सांगायला लागली. तिच्या आजीने तिला सांगितलेल्या गोष्टी. मेरी टिपणं काढायची, मग नीट लिहून काढायची, आणि लिहिलेलं परत ॲनाला वाचून दाखवायची की बरोबर आलंय का. त्याचं पुस्तक 1868 साली लंडनला छापलं गेलं, ओल्ड डेक्कन डेज नावाचं, चित्रं मेरीच्या बहिणीने काढलेली. मला यातलं जे आवडतं ते हे की पुस्तकात ॲनाने स्वतः सांगितलेली स्वतःच्या आयुष्याची हकिकत पण आहे. त्या काळातल्या किती संग्रहांत सांगणाऱ्या बाईला इतकी जागा मिळाली असेल? ग्रिमच्या पुस्तकात डोरोथिया फीमान नावाच्या शिंपिणीचं चित्र छापलं होतं, तिच्या गोष्टींचं कौतुक केलं होतं, पण तिचं आयुष्य तिच्या तोंडून नाही आलं.

या पुस्तकात सोडेवा बाई म्हणून एक गोष्ट आहे. राजकन्या जन्मतःच गळ्यात सोन्याचा हार घेऊन आलेली आणि तिचा जीव त्या हारात. हार गळ्यातून गेला की ती मरणार. आई-बाप तिला सोन्याच्या, हिरेमाणकं जडवलेल्या चपला करून देतात, एक दिवस डोंगरावर फुलं तोडताना एक चप्पल पायातून निसटून खाली रानात पडते, शिकारीला आलेल्या राजपुत्राला सापडते. म्हणजे बघा, बूट आला! आपल्या दख्खनच्या डोंगरात, चप्पल होऊन. पण इथे गोष्ट लग्नापाशी थांबत नाही. राजपुत्राची पहिली राणी आहे, तिला सवत सहन होत नाही, ती तो हार चोरवते. सोडेवा बाई मरते. तिला एका छोट्या समाधीत ठेवतात. आणि ज्या दासीने हार चोरला ती तो दिवसभर गळ्यात घालते पण रात्री झोपताना काढून ठेवते, त्यामुळे सोडेवा बाई दर रात्री जिवंत होते आणि सकाळ झाली की परत मरते. त्या समाधीतच तिला बाळ होतं.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून बराच वेळ खिडकीतून बाहेर बघत बसले होते. कोण्या दुसऱ्या बाईने रात्री दागिना काढून ठेवावा आणि तेवढ्या वेळापुरतं हिने जगावं, बाळाला पाजावं. यात जे आहे ते कुठल्याही जाड कादंबरीत एवढ्या थोडक्यात येत नाही. सवतीचं घर म्हणजे काय असायचं हे ज्या बायकांना ठाऊक होतं त्यांनीच ही गोष्ट एकमेकींना सांगत सांगत आणली असणार. सिंड्रेलाची गोष्ट बूट पायात बसला की संपते, कारण तिथे लग्न हे बक्षीस आहे. ॲनाच्या आजीला लग्नानंतरचं माहीत होतं.

म्हणूनच मला रिटेलिंग आवडतं, पण सगळं नाही. माझी एक कसोटी आहे. जुन्या गोष्टीत जे विचित्र आहे, न पटणारं आहे, ते नव्या सांगणाऱ्याने जपलंय का? का त्याला त्याची लाज वाटली? आजकाल एक प्रकार फार झालाय, खलनायिकेचं दुःखी बालपण दाखवायचं, तिच्यावर कसा अन्याय झाला ते सांगायचं, आणि शेवटी ती मुळात चांगलीच होती म्हणायचं. एखाद-दुसरा छान जमून गेला, 2014 च्या मॅलेफिसंटमध्ये शाप उतरवणारं खरं प्रेम राजपुत्राचं नसून शाप देणारीचंच निघतं तिथे मी थिएटरमध्ये हमसून रडले होते. पण प्रत्येक चेटकिणीला असं समजावून सांगितलं की मग रानात उरतं काय? बाबा यागा मुलीला मदत करते का खाते ते तिच्या लहरीवर असतं. त्या लहरीला कारण दिलं की ती कॉलनीतली खडूस काकू होते.

उलट इंग्रज लेखिका अँजेला कार्टर. द ब्लडी चेंबर, 1979. नवऱ्याने किल्ल्यांचा जुडगा दिलाय, एवढी एक खोली उघडू नकोस म्हणालाय, तिने उघडलीये आणि आत आधीच्या बायका आहेत. पेरोच्या ब्लूबिअर्ड या मूळ गोष्टीत शेवटी मुलीचे भाऊ तलवारी उपसून येतात. कार्टरने काय केलं, खोली तशीच ठेवली, रक्त लागलेली किल्ली तशीच ठेवली, तो माणूस होता त्याहून भयंकर केला, आणि शेवटी भावांच्या जागी मुलीची आई आणली. घोडा भरधाव सोडून, वाऱ्याने केस विस्कटलेली, हातात स्वतःच्या मेलेल्या नवऱ्याचं रिव्हॉल्व्हर. एक गोळी. मी ते लायब्ररीतच वाचलं आणि तिथून चालत घरी आले, बस पकडायचं सुचलंच नाही, कारण मला एकदम नगरच्या आजीचं तिखट आठवलं. ते एकच काम दोघींनी केलं होतं. गोष्टीत ज्या बाईला नुसती जागा होती तिला हात दिले.

नाओमी नोविकची स्पिनिंग सिल्व्हर, 2018 ची, ती पण अशीच. पेंढ्यापासून सोनं कातणाऱ्या बुटक्याची गोष्ट, पण इथे सावकाराची ज्यू मुलगी आहे, बाप इतका भिडस्त की वसुलीच करत नाही, मुलगी स्वतः दारोदार जाऊन वसुली करायला लागते आणि चांदीचं सोनं करते म्हणजे व्यवहाराने करते. गावातले लोक तिच्याबद्दल काय बोलतात, ज्यांना पैसे द्यायचे नसतात ते सावकाराच्या कशा गोष्टी रचतात, हे सगळं त्या जुन्या गोष्टीच्या पोटात होतंच, फक्त कोणी त्या बाजूने उभं राहिलं नव्हतं. वाचलं नसेल तर जरूर वाचा, जरा मोठी आहे, मधे थोडी रेंगाळते, पण बर्फाच्या राजाचा भाग अप्रतिम आहे.

आपल्याकडचं बघायचं तर विजयदान देथांची दुविधा. राजस्थानी लोककथा. नवी नवरी, नवरा लग्नानंतर लगेच धंद्याला परगावी, आणि झाडावरचं भूत तिच्या प्रेमात पडून नवऱ्याचं रूप घेऊन येतं. पण ते तिला खरं सांगतं, फसवत नाही, आणि ठरवायचं तिच्यावर सोडतं. देथांकडे शेवटी गुराखी त्या भुताला युक्तीने पखालीत कोंडतो आणि तिला त्या खऱ्या नवऱ्याबरोबर संसार करावा लागतो. 1973 मध्ये मणी कौल यांनी यावर सिनेमा केला. मग 2005 मध्ये अमोल पालेकरांनी पहेली केला आणि त्यात भूत परत येतं, नवऱ्याच्या शरीरात. आमच्या घरात यावर जोरदार वाद झालाय. बहिणीला पहेलीचा शेवट आवडतो, ती म्हणते तिला एकदा तरी हवं ते मिळू दे की. मला देथांचा शेवट जास्त भिडतो, कारण त्या बाईने एकदा निवड केली होती आणि ती निवड तिच्या हातून काढून घेणारे सगळे साधे, भले, गावातले लोक आहेत. पण दोन्ही शेवट असायला हवेत असं मला वाटतं. दोन आज्यांच्या दोन म्हाताऱ्या.

भाचीला मागे बालगंधर्वला अलबत्या गलबत्या दाखवायला नेलं होतं. रत्नाकर मतकरींचं जुनं नाटक, 2018 साली परत रंगमंचावर आलं आणि चिंची चेटकिणीने पोरांना वेड लावलं. ती चेटकीण स्टेजवरून मुलांशी बोलायला लागली की अख्खं थिएटर ओरडत होतं, मुलं खुर्च्यांवर उभी, आणि भाची एका हाताने माझा दंड घट्ट धरून दुसऱ्या हाताने चेटकिणीला दम देत होती. भीती आणि मजा एकाच वेळी, अगदी तीच किंचाळी जी आम्ही बाजरी अंगावर आली की मारायचो. घरी येताना रिक्षात तिने मला सगळं नाटक परत सांगितलं, आणि तिच्या सांगण्यात चेटकीण शेवटी पाषाणला राहायला गेली.

मुलांसाठी आपल्याकडे हे आहे. मोठ्यांसाठी मराठीत मला हवं तेवढं सापडत नाही आणि याची मला खरंच हुरहूर लागते. कारण आपल्याकडे काय ऐवज पडलाय! सरोजिनी बाबरांनी लोकसाहित्य समितीतून केवढं गोळा करून ठेवलंय, दुर्गाबाई भागवतांनी आयुष्य घातलं यात. आणि सोमवारची शिवामुठीची कहाणी घ्या. राजाला चार सुना, तीन आवडत्या, एक नावडती. नावडतीला खायला उष्टं, नेसायला जाडंभरडं, राहायला गुरांचं बेडं, काम गुराखीणीचं. ही आपली सिंड्रेलाच आहे की. ती रानात जाते, तिथे नागकन्या, देवकन्या भेटतात, त्या महादेवाला निघाल्यात, ही त्यांच्या मागून जाते आणि वसा घेते, तांदूळ, तीळ, मूग, एकेका सोमवारी एकेक मूठ. मागते काय, तर सासऱ्याला, सासूला, दिरा-भावांना, नणंदा-जावांना, भ्रताराला नावडती आहे ती आवडती कर रे देवा. पुढे घरचे सगळे तिचा देव बघायला रानात येतात, तिच्या प्रार्थनेने देऊळ सोन्याचं होतं, रत्नजडित खांब, हंड्या, झुंबरं. राजा पागोटं खुंटीला ठेवून तळं बघायला बाहेर जातो, पागोटं राहिलं म्हणून परत येतो तर देऊळ लहानसं, आणि जवळच्या खुंटीला पागोटं.

मला या कहाणीत सगळ्यात मोठं वाटतं ते हे पागोटं. सोनं आलं आणि गेलं, पण राजाचं पागोटं खरंच तिथे आहे, म्हणजे तो आत गेला होता, ते झालं होतं. आता त्याला नाकारता येणार नाही. कोणीतरी ही कहाणी आज लिहावी असं मला फार वाटतं. सासूला दुष्ट करू नका, तिला कारण देऊ नका, नावडती का नावडती आहे हे कहाणीत कुठेच सांगितलेलं नाही ते तसंच ठेवा, कारण घरोघरी ते तसंच असतं, कोणी सांगत नाही का ते. पण त्या रानातल्या वाटेवर थांबा जरा. नागकन्या-देवकन्यांबरोबर चालताना ती काय बोलली? तिथे तर ती कोणाची नावडती नव्हती. मग तिने परत येऊन त्या घरालाच आवडती का व्हायचं मागितलं? दुसरं काही मागता येतं हे तिला ठाऊक होतं का? आणि आवडती झाल्यावर तिच्या जागी गुरांमागे कोण गेलं?

मी स्वतः लिहायला बसलेही आहे, पानं झालीयेत काही, तांदळाच्या सोमवारपर्यंत आलीये. सुरुवात आटपाट नगरानेच केलीये, ती बदलायची हिंमत नाही आणि इच्छापण नाही.

तोपर्यंत ज्यांना या वाटेला लागायचंय त्यांनी ओल्ड डेक्कन डेज वाचा, जुनं पुस्तक असल्यामुळे इंटरनेटवर फुकट मिळतं. पहिलीच गोष्ट पंचकिन, जादूगाराचा जीव पोपटात असतो ती, बहुतेकांनी कुठल्या ना कुठल्या रूपात ऐकलेली असेल. ती वाचताना मधेच थांबून आपल्या घरात ती कशी सांगायचे ते आठवा आणि घरात कोणी म्हातारं माणूस असेल तर त्यांना विचारा, पोपट कुठल्या झाडावर होता, पिंजरा कसला होता. आमच्याकडे आई म्हणाली पिंजरा वगैरे काही नाही, पोपट सात समुद्रांपलीकडे पिंपळाच्या ढोलीत. लगेच मावशीला फोन लावला. मावशी म्हणाली, "पिंपळ नाही गं, वड. पिंपळावर मुंजा असतो, पोपट कसा राहील?" नंतर त्या दोघीच अर्धा तास बोलत होत्या, फोन माझ्याकडे परत आलाच नाही.